गुरुवारची झडती

“खरं बोलायचं नसेल तर चहा घ्या.”

हे वाक्य ते दर गुरुवारी संध्याकाळी एकदा तरी म्हणायचे. म्हणण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचे आणि मग स्टीलच्या किटलीतून स्वतः चहा ओतायचे. गोल मांडलेल्या पाच खुर्च्यांपैकी एखादीतला माणूस बोलता बोलता थापांवर आला की ते त्याला अडवत नसत, नुसता भरलेला कप त्याच्या पुढे सरकवत. पहिल्या महिन्यात मी इतका चहा प्यायलो की मला पित्ताचा त्रास सुरू झाला.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्या गटाचा एकच मोठा नियम होता. इथे जे बोललं ते इथेच राहील, आणि कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. तो नियम मी एकदा मोडला आहे आणि त्याचं पुढे काय झालं हेच सांगायला बसलो आहे. तेव्हा निदान आता तरी मोडत नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, तेवढं पुरे. बाकीच्यांची नावं बदलली आहेत.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. मी भेटलो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बोलणं नगरकडचं. स्टेशनजवळच्या एका छोट्या चर्चच्या मागे एक हॉल होता, तिथे ते दारू सोडू पाहणाऱ्या माणसांचा गट चालवायचे. एक झेरॉक्स काढलेलं पुस्तक असे. त्यात दारूतून बाहेर पडायच्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला पवित्र शास्त्रातला एक उतारा जोडलेला असे. एक उतारा वाचायचा, एकेकानं आपलं आठवड्याचं सांगायचं, शेवटी प्रार्थना.

मी कोथरूडमध्ये दहावीच्या गणिताचे क्लास घ्यायचो. घ्यायचो म्हणजे बोर्ड लावलेला होता. पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी भरून मी वर्गमूळ शिकवायचो, आणि हे कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. पालकांना कळलं होतं. मुलं एकेक करून शेजारच्या इमारतीतल्या क्लासला जाऊ लागली. मेधाला, माझ्या बायकोला, त्याच्या फार आधी कळलं होतं. तिच्या ऑफिसात एक ख्रिश्चन मैत्रीण होती, तिनं हा गट सुचवला. मी नाक मुरडल्यावर मेधा शांतपणे म्हणाली, “आपल्या देवांपुढे घ्यायच्या तेवढ्या शपथा घेऊन झाल्या. आता दुसऱ्यांच्या देवापुढे जाऊन बघ. नाहीतर मी नाशिकला आईकडे जाते, आणि ती शपथ नाही.”

तर मी गेलो. दारातच काकांनी हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन. त्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं, नाकाशी नेली आणि परत झाकण लावून खिडकीत ठेवली.

“जाताना घेऊन जा, सर. तुमची वस्तू आहे.”

चार माणसांसमोर माझा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता. मी तिथल्या तिथे परत फिरणार होतो, पण बाटली खिडकीत होती आणि खिडकीशी ते उभे होते. मग ते म्हणाले की कारखान्यात आत जाताना काडेपेटी बाहेर ठेवावी लागे आणि बाहेर पडताना झडती होई, रोज, आणि त्यांना कधी अपमान वाटला नाही. “तिथे दारूगोळा, इथे नुसती दारू. झडती दोन्हीकडे लागते.”

मी पुण्यात वाढलेला माणूस. फुकट काही मिळालं की आम्ही ते आधी उलटं करून बघतो. इथे फी नाही, नोंदणी नाही, वर चहा. म्हणजे यांना काहीतरी हवं असणार. मी प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचो नाही. काकांकडे बघत बसायचो. ते ‘प्रभू’ म्हणाले की मनात खूण करायचो. एकदा त्यांनी मला घरी न्यायला पुस्तक दिलं तर मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, कारण आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये चार लोक भेटतात.

गटात चौघं होतो. एक निवृत्त हवालदार, जो उभं राहूनच बोलायचा. एक आयटीतला मुलगा, ज्याला कायम धास्ती असायची की ऑफिसात कळेल. मी. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत मिलिंद. तो मूळचा अकोल्याचा, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दारूपायी तीन कंपन्यांतून निघाला होता. तो बौद्ध होता आणि पहिल्याच दिवशी त्यानं ते सांगून टाकलं होतं.

“मले देव-बिव समजत नाही, काका. मी बाबासाहेबांचा माणूस आहे. दारू सोडाची म्हून आलो.”

मला वाटलं, आता रंग दिसेल. काका म्हणाले, “दारूला मानत होता ना इतकी वर्षं? मग तिच्याहून मोठं काहीतरी शोधा. नाव नंतर ठेवू.”

पुढच्या गुरुवारी मिलिंदनं वहीत पंचशील लिहून आणलं. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. काकांनी त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मग आपल्या झेरॉक्स पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं उतरवून घेतलं. मी तेही संशयानंच पाहिलं. म्हटलं, हा माणूस मुरलेला आहे.

माझा संशय इतका वाढला की एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या मागे गेलो. खडकी बाजारात कामानिमित्त गेलो होतो, ते पुढे चालताना दिसले. एका दारूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अलीकडे, ते थांबले. मला आनंद झाला, हे कबूल करतो. तुम्हीही कधी एखाद्या सज्जन माणसावर नजर ठेवली असेल तर तुम्हाला हा आनंद माहीत असेल. ते हात मागे बांधून पाचेक मिनिटं उभे राहिले. दुकानात गेले नाहीत. वळले आणि सरळ माझ्यासमोर आले.

“मधूनमधून येऊन उभा राहतो,” ते म्हणाले. “ती अजून ओळख दाखवते का बघायला.”

मी विचारलं, दाखवते का.

“दाखवते. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगू नका, त्यांना काळजी वाटेल.”

एवढं होऊनही मी काय केलं ते ऐका. दिवाळीच्या आधी काकांनी मला चौथी पायरी दिली. आपण ज्यांचं ज्यांचं वाईट केलं त्यांची नावं आणि काय केलं ते वहीत लिहायचं, आणि मग एका माणसाला वाचून दाखवायचं. मी आठ दिवस वही उघडली नाही. भाऊबीजेला मेधाचा भाऊ श्रीरंग जेवायला आला. तो कोथरूडमधल्या त्याच्या सोसायटीचा चेअरमन, शिवाय एका संघटनेत मोठा कार्यकर्ता. पानावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “काय भावोजी, चर्चला जाता म्हणे हल्ली?”

सगळे बघू लागले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी बोलतो.

“अरे, फार पद्धतशीर काम आहे त्यांचं,” मी म्हणालो. “आधी तुमची सगळी गुपितं वहीत लिहून घेतात. मग माणूस मुठीत आला की बाप्तिस्मा.”

यातलं गुपितांचं वाक्य अर्धं खरं होतं. बाप्तिस्म्याचं मी आमटी वाढून घेताना तयार केलं. श्रीरंगनं जागा विचारली, वार विचारला. मी सांगितलं. मेधानं माझ्याकडे पाहिलं आणि भात आणायला आत गेली.

मला वाटलं होतं की आता ती मला जाऊ नको म्हणेल. ती म्हणाली नाही. गुरुवारी दुपारी तिनं माझी चप्पल दाराशी काढून ठेवली.

मग, कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही, माझी दारू सुटत गेली. एक आठवडा, मग मध्ये एक घसरण, मग तीन आठवडे. काका घसरणीबद्दल रागवत नसत. फक्त विचारत की आदल्या दिवशी काय झालं होतं. जानेवारीत मी वही लिहिली, बावीस पानं, आणि एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवली. दोन खोल्या, एक पलंग, भिंतीवर येशूचं चित्र आणि त्याखाली कारखान्यातून निवृत्तीला मिळालेलं घड्याळ. मी वाचत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. आईचं सांगितलं, मेधाचं सांगितलं, क्लासमधल्या एका मुलीला सगळ्यांसमोर ढ म्हणून रडवलं होतं तेही सांगितलं. शेवटी ते म्हणाले, “माझ्या मुलीच्या लग्नात मला चर्चच्या मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. मीच तशी वेळ आणली होती. आतून गाणी ऐकली.” एवढंच.

बावीस पानांत भाऊबीजेचं वाक्य नव्हतं. मी विसरलो नव्हतो. लिहायला बसलो की ते समोर यायचं आणि मी पुढचं लिहायचो.

मार्चमधल्या एका गुरुवारी हवालदार उभे राहून त्यांचा आठवडा सांगत होते, तेव्हा दार उघडलं. चौकीतले दोन पोलीस आत आले, त्यांच्यामागे तीन अनोळखी माणसं. श्रीरंग त्यांच्यात नव्हता. वयानं मोठे असलेल्या पोलिसानं चर्च असल्यामुळे बूट काढायचे का असं विचारलं, आणि मग खिशातून कागद काढला. तक्रार आली होती. त्यानं ती वाचून दाखवली. व्यसनमुक्तीच्या नावाखाली गुपितं लिहून घेतात आणि माणूस मुठीत आला की बाप्तिस्मा देतात, अशी माहिती खुद्द एका सदस्याने दिली आहे.

माझे शब्द होते. ‘मुठीत’सुद्धा तसंच.

पोलिसानं एकेकाला विचारलं, धर्म बदला म्हणून सांगितलं का. हवालदारांनी ताठ उभं राहून नाही म्हटलं. आयटीतल्या मुलानं नकारार्थी मान हलवली. मिलिंद म्हणाला, “मी बौद्ध आहे साहेब. मले माही बायकोबी बदलवू शकली नाही, हे काय बदलवतीन?” पोलीसही हसला. मग माझ्याकडे वळला.

“नाही,” मी म्हणालो. “असं इथे काही होत नाही.”

ते खरं होतं. माझ्या आयुष्यातलं इतकं वाईट खरं मी दुसरं बोललेलो नाही.

पोलीस पुस्तकाची एक प्रत घेऊन गेले. तिघं जण जाताना काकांना म्हणाले की लक्ष राहील. दार लागलं. कुणी चहाला हात लावला नाही, कारण कागदावरचे शब्द सगळ्यांच्या डोक्यात होते. खुद्द एका सदस्याने. पाच खुर्च्या, त्यात काकांची एक. उरलेल्या चारांपैकी कोण, हा हिशेब मांडायला गणिताचा शिक्षक लागत नाही.

चर्चची कमिटी घाबरली. पाळकसाहेब भला माणूस, पण त्यांनी हॉल काही दिवस बंद ठेवायला सांगितलं. आम्ही काकांच्या खोलीत जमू लागलो. पलंगावर तिघं, स्टुलावर एक, काका खिडकीत. पहिल्या गुरुवारी कुणी आपला आठवडा सांगितला नाही. ज्या गटात माणसं आपल्या उलट्यासुद्धा वर्णन करून सांगत, तिथे आता सगळे हवेबद्दल बोलत होते. जो तो दुसऱ्याच्या हातातल्या फोनकडे बघत होता.

मिलिंद दुसऱ्या गुरुवारी उशिरा आला. तो येण्याआधी हवालदार म्हणाले की देव न मानणारा एकच आहे, आणि जास्त वाद घालणाराही तोच. आयटीतल्या मुलानं मान डोलावली. मी काय केलं? मी खाली बघितलं. काका म्हणाले, “संशय मलाही त्याचाच येतो.”

हे मी लपवणार नाही. काका संत नव्हते. दर गुरुवारी झडती घेणारा माणूसही कधीकधी चुकीचा खिसा तपासतो.

मिलिंद आत आला, पलंगाकडे आला, आणि कुणी सरकून जागा केली नाही. तो उभाच राहिला. दहा मिनिटांनी फोन आल्याचं सांगून निघून गेला. नंतर आला नाही.

मे महिना उलटल्यावर एकदा हवालदारांनी सांगितलं की मिलिंद बाजारात दिसला, दुपारीच, भिंतीला धरून चालत होता. ते सांगताना त्यांच्या आवाजात एक समाधान होतं, आपला अंदाज बरोबर निघाल्याचं. मी घरी आलो. मेधा कणीक मळत होती. मी तिला मिलिंदचं सांगितलं. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, “पोलीस आले त्याच दिवशी मला कळलं होतं, श्रीरंगनं लिहिलं असणार. मी वाट बघत होते तू कधी सांगतोस. तू परत प्यायला लागलास तर मी इतकी घाबरणार नाही, जितकी तू हे पचवलंस तर घाबरेन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांकडे गेलो. ते एकटेच होते, शर्टाला बटण लावत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाऊबीज, श्रीरंग, आमटी, वाक्य. नंतर पलंगावर मिलिंदला जागा न दिल्याचंही सांगितलं.

त्यांनी सुई शर्टात खोचून ठेवली. मी मनातल्या मनात तयार होतो की आता ते शास्त्रातलं काहीतरी सांगतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील.

“मला आज तुम्हाला माफ करता येणार नाही, सर,” ते म्हणाले. “येशूला येत असेल. मी फिटर आहे.”

मग उठून त्यांनी दुसरा शर्ट घातला, आणि आम्ही मिलिंदकडे निघालो. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले की त्यांनाही तिथे काम आहे.

मिलिंद बोपोडीत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोनं उघडलं. “आता आठवण आली का जी तुम्हाले?” एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. मिलिंद जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. पिऊन बसलेला माणूस कसा दिसतो ते मला आरशातून माहीत होतं.

काकांनी खाली बसून हात जोडले. “मिलिंद, तक्रार तुम्ही केली असा मी संशय घेतला. ती तुम्ही केलेली नाही. माझं चुकलं.”

“काहून घेतला?” मिलिंदनं विचारलं.

“तुम्ही देव मानत नाही म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.”

मिलिंद हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. मग मी सांगितलं. काकांना सांगितलं होतं तसंच, फक्त आमटीचं सोडून. मिलिंद माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मी कुणी दुसऱ्याबद्दल बोलतोय आणि तो माणूस कोण ते त्याला आठवत नाहीये.

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही तर माह्या बाजूले बसत होते.”

त्याच्या बायकोनं दार धरून ठेवलं होतं. आम्ही बाहेर पडलो आणि ते लागलं.

मला वाटलं, झालं. सांगायचं ते सांगितलं, माफी मागितली, पायरी पार पडली. मी जिना उतरू लागलो. मागे वळून बघतो तर काका तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, मी थांबतो थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी कळलं की ते सहा वाजेपर्यंत बसले होते, आणि पुन्हा जाणार होते. “तुम्हीही या. बोलायचं काही नाही.”

त्यानंतर रोज संध्याकाळी चार ते सहा आम्ही दोघं त्या जिन्यावर बसायचो. क्लासला मी सुट्टी दिली. इमारतीतल्या लोकांना वाटलं आम्ही मतदार यादीवाले. एका म्हाताऱ्या बाईनं काकांना बसायला गोणपाट आणून दिलं. मिलिंद येता-जाता आमच्या मधून पाय टाकून जायचा, कधी झोकांड्या खात, कधी सरळ. काका त्याला नमस्कार करायचे. तो बघायचा नाही. पाचव्या दिवशी जाताना त्यानं मला गुडघा लावला, मुद्दाम.

जिन्यावर बसून करायचं काय? आम्ही भिंत बघायचो. मला अजूनही वाटायचं की हे सगळं काका मला धडा शिकवायला करतायत. नवव्या दिवशी त्यांनी न विचारताच सांगितलं, “आज सकाळी प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं. घशात अडकलं. पण घेतलं.”

जिन्याला कठडा होता, तो धरून बसलो.

अकराव्या दिवशी मिलिंद हत्यारांची पिशवी घेऊन कामावरून आला. शुद्धीत होता. आमच्यापाशी थांबला, एकदा काकांच्या पायांकडे बघितलं, ते एव्हाना सुजले होते. “उठा बरं काका,” तो म्हणाला. “गुडघे जातीन तुमचे.” काका उठले नाहीत. मग तोच पिशवी ठेवून वरच्या पायरीवर बसला. तिघं तसेच बसून राहिलो. सहा वाजता त्याची बायको बाहेर आली आणि तिनं तिघांना आत बोलावलं.

गुरुवारी तो आला. हवालदार उभे राहिले, साहेब आल्यावर उठावं तसे, आणि मग त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून तसेच उभे राहिले. गटापुढे मी सगळं पुन्हा सांगितलं. आयटीतला मुलगा दोन आठवडे आला नाही, मग आला. माझ्याशी मिलिंद पुढचे दोन महिने एक शब्द बोलला नाही. माझ्या शेजारी मात्र बसायचा.

राहिलेलं एक काम मी एकट्यानं केलं. चौकीत जाऊन लेखी दिलं की तक्रारीतली माहिती माझी होती आणि ती खोटी होती. तिथले साहेब म्हणाले, आता याचा काय उपयोग, आणि शिक्का मारून फाईलला लावलं. श्रीरंगला घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “भावोजी, तुम्ही बोललात तेच मी लिहिलं. आता तुम्ही सांगता खोटं होतं, उद्या सांगाल खरं होतं. दारूड्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू?” त्यात त्याचं फार चुकलं असं मला म्हणता येत नाही. तो भाऊबीजेला आता येत नाही, मेधाच त्याच्याकडे जाऊन येते. हॉल उघडला नाही. आम्ही काकांच्या खोलीतच जमत राहिलो आणि माणसं वाढली तसे काही जण दाराबाहेर पायरीवर बसू लागले.

मला त्यांनी पूर्ण माफ केलं का? मी विचारलं नाही. गटात ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागायचे, म्हणजे प्रत्येक वाक्यावर संशय घ्यायचे. एकदा मी म्हणालो, या आठवड्यात काही वाटलं नाही, सगळं ठीक होतं. ते म्हणाले, “ठीक म्हणजे काय, ते सांगा.” आणि ठीक नव्हतं. खरंच नव्हतं. असा माणूस तुम्हाला भेटला असेल तर तुम्हाला त्याचा वैताग आला असेल. मलाही आला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी शेजाऱ्यांनी मिलिंदला फोन केला. काका झोपेतच गेले होते. छातीचं दुखणं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढी सगळ्यांची झडती घेणाऱ्या माणसाची झडती आम्ही कुणी घेतली नव्हती.

मुलगी सोलापूरहून आली. दफनाला चर्चची माणसं, कारखान्यातली दोन म्हातारी माणसं, आणि आमचा सगळा गट. मेधाही आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी डोळे मिटले होते. पेटी खाली सोडायला दोन दोर होते. एकाची टोकं हवालदार आणि आयटीतल्या मुलानं धरली. दुसऱ्याचं एक टोक मिलिंदनं हाताला वेढा देऊन घेतलं आणि दुसरं, खड्ड्याच्या पलीकडे मी उभा होतो, माझ्याकडे टाकलं.

“सारखं सोडा,” तो सगळ्यांना म्हणाला. “घाई नको. एका बाजूनं कलली नाही पाहिजे.”

आम्ही सोडत गेलो. दोर हातातून सरकत होता आणि तळवे जळत होते. पेटी मातीला टेकली तेव्हा दोराचा ताण गेला, पण मला ते समजलं नाही. मी तसाच मागे रेलून दोर ओढून धरला होता. बाकीच्यांनी आपापली टोकं टाकली होती. मुलीनं मूठभर माती हातात घेतली होती आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते.

मिलिंद पलीकडून बघत होता.

“सर,” तो हळूच म्हणाला, “टेकले काका. सोडा आता.”